राहिलेली उतरवणी

एक उशी. लाल चिंधीत शिवलेली, आत भाताचं तणीस दाबून भरलेलं.

·

सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये दोन कुत्रे असतात. लोखंडाचे, नखाएवढे. पाय थांबला की ते दात सोडून देतात आणि टिकटिक करत बसतात, म्हणून पाय स्थिर ठेवूनही सायकल उतारावर धावते.

·

एक माणूस सायकलवर बसून दाढी करतो आहे. आरसा हँडलला बांधलेला. सायकल चालू आहे.

·

एकोडीच्या आखरावर, जिथं सकाळी गावची गुरं जमतात तिथं, दवात उमटलेला एक गोल. त्या गोलावर दुसरा गोल. गुराख्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "जनावर नाही हे."

·

पोस्टकार्डाची शेवटची ओळ : काल जेवता जेवता बाबांनी विचारलं, त्या सायकलवाल्याचा गुडघा कसा आहे.

·

बायको पुढं, नवरा मागं.

·

ती उशी रुखमानं शिवली होती, नवऱ्याच्या बुडाखाली ठेवायला. अडतीस किलोमीटर कॅरिअरच्या लोखंडी पट्ट्यांवर बसायचं म्हणजे चेष्टा नव्हती. त्यात तुलारामचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून वाकत नव्हता. तणसाच्या भरल्या बैलबंडीवरून तो पडला, हाड जुळलं, पण गुडघा कुलूप लावल्यासारखा बंद झाला तो झालाच. हा ताठ पाय ठेवायचा कुठं, याची सोय त्यानं स्वतःच केली. मागच्या चाकाच्या आसाशी बांबूची एक जाड खुंटी आवळून बांधली. तिच्यावर टाच ठेवली की पाय तिरपा बाहेर राहायचा आणि रस्त्यावरचे लोक आपोआप बाजूला सरायचे.

सायकल त्याचीच, बारा वर्षांपूर्वीची. तिच्यात ते दोन कुत्रे नव्हते. दातेरी चकती सरळ मागच्या चाकालाच आवळलेली. फिक्स चाक. चाक फिरलं की पायडल फिरणार, पायडल थांबलं की चाक थांबणार. ब्रेक नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही. अशी सायकल उलटी चालवता येते, जागच्या जागी उभी ठेवता येते, आणि त्यावरच एके काळी तुलारामचं पोट होतं. गावोगावच्या चौकात तो सात दिवस, सात रात्री सायकलवरून न उतरता फिरायचा. जेवण सायकलवर, आंघोळ सायकलवर, दाढी सायकलवर. पाय जमिनीला टेकला की खेळ संपला. सातव्या दिवशी संध्याकाळी गावातला जाणता माणूस पुढं यायचा, हँडल धरून सायकल थांबवायचा आणि त्याला हाताला धरून खाली घ्यायचा. हार, नारळ, खांद्यावर नवा दुपट्टा. याला उतरवणी म्हणत. उतरवणी झाल्याशिवाय खेळ पुरा झाला असं कोणी मानत नसे. खेळणारा तर नाहीच नाही.

१९७१ च्या चैत्रात पांढरबोडीच्या चौकात हँडल धरायचा मान मारोतरावांचा होता. मारोतराव म्हणजे रुखमाचा बाप. गावातला कुठलाही वाद त्यांच्या ओट्यावर येऊन मिटायचा. सातव्या दिवशी ताटात हार तयार होता, नारळ होता, डफरं वाजत होतं. मारोतराव ओट्यावर बसले होते ते बसूनच राहिले. लोकांनी त्यांच्याकडं पाहिलं. तुलारामनं पाहिलं. एक फेरा, दहा फेरे, पन्नास. मारोतराव उठले नाहीत, आणि ते उठले नाहीत म्हणून दुसऱ्या कोणाचीही हँडलला हात लावायची छाती झाली नाही. दिवेलागणीला तुलारामनं स्वतःच पाय खाली ठेवला, पिशवी उचलली आणि सायकल हातात धरून तो गावाबाहेर चालत गेला.

गावानं त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावला. रुखमा सात दिवस त्या माणसाला ताक नेऊन देत होती. बापाच्या नजरेत आलं असणार. ज्येष्ठात रुखमा एकटीच एस.टी.त बसली आणि तुलारामच्या गावी, एकोडीला उतरली. तेव्हा तर गावाची खात्रीच पटली.

तुलाराम पुन्हा कोणत्याही चौकात फिरला नाही. एकोडीच्या रस्त्यावर त्यानं पंक्चरचं दुकान टाकलं आणि ती सायकल घराच्या आढ्याला टांगली. मूलबाळ झालं नाही. दर भाऊबीजेला रुखमाचा भाऊ इश्वर ओवाळून घ्यायला यायचा, जेवायचा आणि जायचा. बापाचं नाव तो काढत नसे, तीही काढत नसे. यंदा, त्र्याऐंशी साली, तो येणार नव्हता. तसं पोस्टकार्ड भादव्यातच आलं.

रुखमानं ते दोनदा वाचून घेतलं आणि आढ्याकडं पाहिलं.

"काढा तिले खाली," ती म्हणाली.

"कोनाले?"

"सायकलीले. बाबाच्या हातानं उतरवणी कराची आहे मले तुमची. राहून गेली ते."

"माझा गुडघा—"

"मी चालवीन."

तुलाराम हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला. "म्हंजे मी सासरी कॅरिअरवर बसून जाऊ?"

"मंग काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

एस.टी.नं जायचं तर आधी साकोली, तिथं तुमसरची गाडी धरायची, फाट्यावर उतरायचं आणि मग आठ किलोमीटर पायी. तो गुडघा आठ किलोमीटर चालणारा नव्हता. पण हे कारण तिनं लोकांना सांगायला ठेवलं होतं. खरं कारण त्या दोघांपुरतं होतं.

दोन महिने ती पहाटे आखरावर शिकली. गोल गोल. नऊवारीचा कासोटा घट्ट मारला की मर्दानी सायकलचा दांडा आड येत नाही. चिखलात रोवणीला उतरणाऱ्या बाईला कासोटा काही शिकवावा लागत नाही. पायडल मात्र शिकवावं लागलं. ती पाय थांबवायला जायची आणि सायकल तिला घोड्यासारखी वर फेकायची. तुलाराम मधोमध काठीच्या आधारानं उभा राहून ओरडायचा, "थांबू नोको! ते थांबत नसते, तूच कायले थांबतं?"

शेजारच्या बेबीबाईनं एकदा पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काहून वो रुखमा, नवऱ्याले मागं बसवून नेशील तं लोक म्हनतीन, बाजारातून पोतं घेऊन चालली."

"पोतं बोलत नाही, बेबीबाई," तुलाराम म्हणाला. "मी रस्ताभर बोलीन."

अजून अडतीस

भाऊबीजेच्या दिवशी सूर्य उगवायच्या आत ते निघाले. हलका धान कापून झाला होता, भारी अजून उभा होता, दवानं वाकलेला. पिशवीत ओवाळायचं ताट, वात, तेलाची बाटली, चार अनारसे, एक टॉवेल. उशीवर तुलाराम. तो रस्ताभर बोलणार होता, पण पहिले पाच किलोमीटर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यानं दोन्ही हातांनी सीटखालच्या स्प्रिंगा पकडून ठेवल्या होत्या.

"जागे आहात का?" रुखमानं विचारलं.

"मागं बसून कधी सायकल पाहिली नव्हती," तो म्हणाला. "फक्त तुई पाठ दिसते."

"कशी आहे?"

"रुंद आहे."

अजून एकतीस

वळणावर बकऱ्या. शंभरेक असतील, रस्ताभर सांडलेल्या. मध्ये घोंगडीवाला म्हातारा.

"बाई, बिरेक मार!" म्हातारा ओरडला.

"बिरेक नाही!"

"मंग घंटी मार!"

"घंटी बी नाही!"

"अरे बापा! मंग देवाचं नाव घे!"

तिनं पायडल उलटं रेटलं, सायकल बकऱ्यांत शिरली, एका बोकडानं तुलारामच्या ताठ पायाला शिंग लावलं आणि रुखमाचा डावा पाय धुळीत टेकला.

"एक डाव," ती म्हणाली.

"कायचा एक डाव?"

"पाय टेकल्याचा."

"अवं, हा का खेळ आहे? आपन गावाले जाऊन राहिलो."

"मोजून ठेवा," ती म्हणाली.

अजून तेवीस

डोंगराच्या पायथ्याशी बाबुलालचं चहाचं दुकान. समोर मोकळी जागा होती. रुखमानं सायकल तिथं गोल घातली.

"उतरा ना बापा!" बाबुलाल म्हणाला.

"उतरत नसते. कप हातात दे," तुलाराम मागून म्हणाला. बारा वर्षांनी त्याच्या आवाजात चौकातला तो जुना तोरा आला होता. पहिल्या फेऱ्याला त्यानं कप घेतला, दुसऱ्या फेऱ्यात अर्धा प्याला, आणि सायकल सरळ रेषेत आली तेव्हा उरलेला कप रुखमाच्या खांद्यावरून पुढं दिला. अर्धा तिच्या पोटात गेला, अर्धा लुगड्यावर. थांबलेल्या एस.टी.च्या खिडक्यांतून माणसं बाहेर लोंबकळून हसत होती. कंडक्टरनं घंटी मारायची सोडून टाळी वाजवली.

"साऱ्याईत नवरा चालवते आन् बायको मागं बसते," बाबुलाल म्हणाला, "तुमच्यात उलटंच आहे."

"पेट्रोल तिच्यात आहे," तुलाराम म्हणाला.

"जा, जा. येता खेपी उतरून पिजा."

अजून वीस

चढ.

याबद्दल तिला कोणी सांगितलं नव्हतं. तुलाराम आयुष्यभर सपाट चौकात फिरला होता. चढ त्यालाही माहीत नव्हता. तीन किलोमीटर रस्ता सागाच्या झाडांतून वर जात होता, वळत होता आणि पुन्हा वरच जात होता. फिक्स चाकाचा एकच उपकार : पाय वर येऊन अडतो, मरतो, तिथून चाकच त्याला ओढून पुढं घालतं. बाकी सगळं मांड्यांनी करायचं.

"मी उतरतो," तुलाराम म्हणाला.

"उतराचं नाही."

"तुये श्वास मले इथवर आयकू येऊन राहिले."

"मंग कान झाका."

धानाच्या बांधीत असतं तसं, किती उरलं ते पाहायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. रोवणीत बाई मागं मागं सरकते. कमरेत वाकून एक रोप खोवायचं, एक पाऊल मागं. पुन्हा एक रोप, एक पाऊल. मान वर करून बांधी किती उरली ते पाहिलं की कंबर मोडते. म्हणून कोणीच मान वर करत नाही, आणि संध्याकाळी टाच अचानक बांधाच्या पाळीला लागते. रुखमानं मान खाली घातली. समोरचं चाक तेवढं पाहिलं.

एक रोप.

एक पाऊल.

एक रोप.

घाम डोळ्यात.

एक पाऊल.

एक

रोप.

वर वाघदेवाचा शेंदरी दगड दिसायला लागला होता, पन्नास हातांवर असेल. तिनं मान वर केली. तेवढ्यात मुरमावरून चाक घसरलं आणि तिचे दोन्ही पाय जमिनीला लागले.

तिनं सायकल रस्त्याच्या कडेला आडवी टाकली, वाघदेवापर्यंत चालत गेली आणि तिथं बसून रडायला लागली. दुःखानं नव्हे, रागानं. रडताना ती गवत उपटून उपटून फेकत होती. तुलाराम पाय ओढत, सायकलला धरून धरून मागून आला. त्यानं वाटसरू ठेवतात तसा एक खडा उचलून वाघदेवापुढं ठेवला. मग ताठ पाय पसरून तिच्याजवळ बसला.



"रुखमा. माझा बी टेकला होता."

ती गवत उपटायची थांबली.

"त्या खेळात. पाचव्या दिवशी, भर दुपारी. चौकात चिटपाखरू नव्हतं. माझा डोरा लागला आन् पाय खाली गेला. एवढासा. मंग म्या उचलला आन् फिरत राह्यलो." तो जमिनीकडं पाहत होता. "दोन दिवस मंग म्या लोकाईले फसवलं. तुले सांगीन सांगीन म्हनत बारा वर्सं गेले."

"मले मालूम आहे," रुखमा म्हणाली.

"काय मालूम आहे?"

"म्या पायलं होतं. ताक घेऊन आली होती मी. लिंबाच्या झाडामागं उभी होती."

तुलारामनं पहिल्यांदा मान वर केली. "पायलं होतं तं काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? तुमी किती थकले होते ते बी पायलं होतं."

"आन् मंग बी आलीस? माझ्यामागं?"

"मंग बी," ती म्हणाली. तिनं पदरानं नाक पुसलं. "मले वाटलं, या मानसाले झोपाले एक घर पायजे."

सागाचं एक वाळलेलं पान, सुपाएवढं, खडखडत खाली आलं आणि सायकलच्या चाकात अडकलं. तुलारामनं ते सावकाश काढलं. जरुरीपेक्षा जास्त वेळ लावला.

"दोन डाव झाले," रुखमा उठत म्हणाली. "बसा."

अजून सतरा

उतार.

इथंच ते दोन कुत्रे हवे होते. कोणतीही साधी सायकल इथं पाय निवांत ठेवू देते. वारा खात माणूस खाली येतो. फिक्स चाक निवांतपणा ओळखत नाही. सायकल धावली की पायडल धावतं, पायडल धावलं की पाय धावलाच पाहिजे, आणि दोन माणसांच्या ओझ्यानं ती सायकल अशी सुटली की रुखमाचे पाय तिचे राहिले नाहीत.

"पायडल पळून राहिले!" ती किंचाळली.

"पळू देऊ नोको! सोडू बी नोको!" तुलारामनं डावा हात तिच्या कमरेभोवती आवळला. उजव्या हातानं डाव्या पायातली चप्पल काढली, मागं वाकला आणि चपलेचा तळ मागच्या टायरवर दाबला. "पायडल मागून वर येते ना, तेव्हा दाब त्याले. रेट खाली. एक... आता दुसरा पाय. दोन... एक... दोन..."

"वळण आलं!"

"येऊ दे. माझ्या अंगाबरोबर झुक. उजवीकडे. झुक वो, लाजतं काहून!"

ती झुकली. तो झुकला. ताठ पाय रस्त्यावरून बोटभर उंचीवरून सरकत गेला. जळक्या रबराचा वास सुटला. "एक... दोन..." तो तिच्या पाठीला तोंड लावून मोजत होता, आणि त्याचा आवाज तिला कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकू येत होता. तिनं त्याच्या आकड्यावर पाय दाबला. तो चुकला तर ती चुकत होती. दुसऱ्या वळणाला दोघंही चुकले नाहीत. तिसऱ्या वळणाला सायकल माणसाच्या चालीवर आली.

बारा वर्षांत त्यानं दिवसाढवळ्या, रस्त्यावर, तिच्या कमरेला हात घातला नव्हता. खाली सपाट रस्ता लागला, दोन बंड्या आल्या, बंडीवरच्या बाया पाहून तोंडाला पदर लावून हसल्या. तरी तो हात काढायचं त्याला सुचलं नाही आणि तिनं आठवण दिली नाही.

"चप्पल दाखवा," ती थोड्या वेळानं म्हणाली.

त्यानं ती तिच्या खांद्यावरून पुढं धरली. तळाला आरपार भोक पडलं होतं. भोकातून तिला रस्ता दिसला.

"सासरी अशी चप्पल घालून जाऊ?"

"फेका तिकडे."

त्यानं दोन्ही चपला फेकल्या.

अजून एक

फाट्यानंतरचे सात किलोमीटर गाडरस्त्यानं, चाकोऱ्या चुकवत, काहीच न घडता गेले. मग पांढरबोडीचा तलाव आला. भरलेला, काठाला पांढरी कमळं. पलीकडं चौकातल्या लिंबाचा शेंडा दिसत होता.

रुखमानं सायकल हळू केली. आणि कोणी आडवं न येता, काही न घसरता, तिनं पाय खाली ठेवला.

"काय झालं?"

"भेव वाटून राहिलं."

तुलाराम मागं बसूनच राहिला. "मंग? परत जाऊ?"

"परत जाले बी तोच डोंगर आहे," ती म्हणाली.

त्यानं पिशवीतून टॉवेल काढला आणि पुढं केला. तिनं तोंड पुसलं, मान पुसली. मग वळून त्याचंही तोंड पुसलं, टायरची काळी राख त्याच्या गालभर उडाली होती ती. "तीन डाव," ती म्हणाली आणि पायडलवर पाय ठेवला.

चौक

पहिला फेरा. लिंब उजव्या हाताला. चौकात भाऊबीजेची गर्दी, नव्या लुगड्यांचा वास. ओट्यावर मारोतराव. सत्तरी उलटलेले, मिशी पांढरी, खांद्यावर दुपट्टा. त्यांनी सायकल पाहिली आणि हातातला अडकित्ता खाली ठेवला.

दुसरा फेरा. इश्वर घरातून धावत आला, हात पुढं करून. "ताई! थांब, मी धरतो!"

"तू धरू नोको!"

इश्वर तिथंच उभा राहिला. त्याला समजलं. चौकातल्या म्हाताऱ्यांनाही समजलं असावं, कारण गलका एकदम खाली बसला.

तिसरा फेरा. "कुठून आलीस?" मारोतराव.

"एकोडीहून!"

चौथा फेरा. "डोंगरावरून?"

"डोंगरावरून!"

पाचवा फेरा. मारोतराव पुढं वाकले. "पाय टेकला का?"

ओट्यापासून लिंबाला वळसा घालून परत ओट्यापर्यंत यायला सायकलला पंधरा-वीस पायडल लागतात. तेवढा वेळ रुखमाकडं होता. अडतीस किलोमीटर कोणी पाहिलं नव्हतं. बकऱ्यांना कोण विचारायला जाणार? नाही म्हटलं की झालं. मागं तुलारामनं श्वास धरला होता, तो तिला पाठीला कळत होता.

सहावा फेरा. "तीन डाव टेकला, बाबा!"

सातवा. "कुठी कुठी?"

"एक बकऱ्याईत! दुसरा वाघदेवाच्या चढावर!"

आठवा. "आन् तिसरा?"

"तलावाजवर! तुमच्या भेवानं!"

कोणीतरी बाई हसली आणि गप्प झाली. मारोतरावांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण ते उठले नाहीत. रुखमाच्या पोटऱ्या आता थरथरायला लागल्या होत्या. असाच एकदा हा माणूस फिरला होता, असाच हा बाप बसून राहिला होता. नवव्या फेऱ्याला तिला वाटलं, आता आपणच पाय टेकवणार.

तेव्हा तिच्या मागून, उशीवरून, आवाज आला. चौकातला तोरा त्यात नव्हता.

"मामाजी. माझा बी एक डाव टेकला होता. त्या साली. पाचव्या दिवशी."

दहाव्या फेऱ्यात लिंबामागं असताना रुखमाला ओटा दिसत नव्हता. वळून आली तेव्हा ओटा रिकामा होता. मारोतराव अनवाणी चौकाच्या मधोमध उभे होते, सायकलच्या वाटेवर, दोन्ही हात पुढं करून. तिनं पायडल मागं रेटलं, एक, दोन, आणि हँडल त्यांच्या हातात गेलं.

चाक थांबलं. पायडल थांबलं. पाय थांबले.

एका हातानं हँडल धरून ठेवत मारोतराव मागं वळले. जावयाचा ताठ पाय त्यांनी स्वतः खुंटीवरून उचलला, जड पाटी उतरवावी तसा सांभाळून, आणि जमिनीवर ठेवला. तुलारामची अनवाणी पावलं पाहून ते जरा थबकले. मग काखेत हात घातला.

"उतरा, जवाई."

हार नव्हता, नारळ नव्हता. त्यांनी आपल्या खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याच्या खांद्यावर टाकला. तुलारामनं दुपट्ट्याचं टोक तोंडाला लावलं. इश्वर खाकरून दुसरीकडं पाहू लागला.

रुखमा अजून सीटवरच होती. हँडल बापानं सोडलं नव्हतं.

"आता तू," मारोतराव म्हणाले. "का अजून फेरा मारतं?"

"पाय उतरत नाहीत, बाबा," ती म्हणाली. खरंच उतरत नव्हते. बापानं दुसरा हात पुढं केला, आणि लहानपणी बंडीवरून खाली घ्यायचा तसं तिला खाली घेतलं.

१९७१ च्या चैत्रात, खेळाच्या पाचव्या दिवशी, दुपारी अडीचच्या सुमारास मारोतराव पाणी प्यायला उठले होते, आणि त्यांच्या खिडकीतून चौकातली सायकल सरळ दिसत होती.